दार उघडायचं नाही

स्वयंपाकघराच्या खिडक्यांना काळं कापड ठोकून नवऱ्याने तिथेच फिल्म धुण्याची खोली केली होती. नियम एकच: आभाळ कोसळलं तरी मध्येच दार उघडायचं नाही; उजेड लागला की फिल्म काळी पडते, फोटो जातात. त्याचे डोळे गेल्यापासून हे काम बायकोच्या गळ्यात पडलं होतं. आज शेवटचं रीळ होतं. महिन्यापूर्वी वारलेली लेक आता तेवढ्यातच उरली होती.

रीळ औषधात असतानाच जिन्यावर धडधड आवाज झाला. नवरा गडगडत खाली आला होता. तिने दार उघडलं आणि भसकन उजेड आत शिरला.

कपाळाला खोक पडली, तरी पठ्ठ्या विचारतोय, "कशी दिसतेय गं आपली पोर?"

तिने काळीकुट्ट पडलेली फिल्म उचलली.

"हसतेय. हात लावू नका, अजून ओली आहे."