तीन तोंडं आणि एक भिंग

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काचेवर इतके ओरखडे, की न दुखणारा कोपराच उरलेला नाही. थकलोय. तरी जांभया देत देत सांगतो, ऐका.

माझा जन्म भर समुद्रात झाला. पुढे कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत कप्तानाने मला सहज उन्हात धरलं, तर पलीकडच्या जहाजावरच्या खलाशाची मिशीच पेटली! ती विझवता विझवता हुगळीला गुडघाभर पाणी उरलं. असो.

मग मी शरदरावांच्या हाती आलो. ते गोदीतल्या एका कचेरीत होते. खोक्यांवरचे पुसट शिक्के वाचणं हे माझं काम. कुणी शिक्का खरवडून दुसरा उमटवला, की मला तो दिसलाच म्हणून समजा. "शरदबाबू, आपका शीशा तो झूठ सूँघ लेता है," असं साहेब म्हणायचे. तेव्हा मला रोज मऊ फडक्याने पुसत. शरदराव निवृत्त झाले आणि मी ड्रॉवरमध्ये, डांबराच्या गोळ्यांशेजारी जाऊन पडलो. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायलाही आता फोन. दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं. मला कोण विचारतो?

शरदरावांची नात ओवी शाळेत जात नाही, घरीच शिकते. तिची आई मृणाल शिकवते. नियम एकच: ऐकलेली गोष्ट खरी म्हणायची, तर तीन साक्षीदार आणायचे. आबांना, म्हणजे शरदरावांना, ही सगळी थेरं वाटायची.

"मराठी मंडळात आपल्या घराण्यावर बोलून दाखव," ते एकदा ओवीला म्हणाले. "चार लोकांत चुकलीस, तर एप्रिलपासून मुकाट्याने शाळा."

ओवीला शाळा नको होती. घरी कितीही प्रश्न विचारले, तरी कुणी 'पोर्शन राहिलाय' म्हणत नाही. ते तिला सोडायचं नव्हतं.

भिंतीवर आबांच्या आजोबांचा, नारायणरावांचा फोटो होता. कोलकात्यात गाडीतून उतरल्या दिवशी, हावडा स्टेशनजवळच्या घाटावर काढलेला. साल १९१२. "पहिल्या महायुद्धाआधीचे आम्ही!" हे वाक्य पाहुण्याला चहाच्या आधी मिळे.

ओवी साक्षीदार शोधायला निघाली. मंडळाच्या स्मरणिकेत १९१२. मंडळाच्या वेबसाइटवर १९१२. प्रेमलताआत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं बाई, १९१२च! शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"झाले तीन!" ओवी नाचली.

"आणि त्या तिघांना कुणी सांगितलं?" मृणालने कणीक मळता मळता विचारलं.

झालं. वेबसाइटने स्मरणिकेतून उचललेलं. स्मरणिकेतला लेख आबांनी सांगून लिहवलेला. आत्या म्हणाली, "आबांनीच सांगितलं की!" तोंडं तीन, पण घास एकाच ताटातला.

तेव्हा ओवीने ड्रॉवर उघडला. कितीतरी वर्षांनी मला उजेड दिसला, आणि डोळे दिपले हो! तिने फोटो उतरवून माझ्याखाली धरला. नारायणरावांच्या पगडीमागे एक डाग होता. घरचे त्याला ओल म्हणत. ती ओल नव्हती. तिरक्या लोखंडी तुळया होत्या, एकमेकींत गुंफलेल्या.

"आई, हा तर आपला हावडा ब्रिज!"

पूल कधी खुला झाला, हे तिने दोन निराळ्या पुस्तकांत पाहिलं. ती तरी आबांनी सांगितलेली नव्हती. १९४३! १९१२ साली तिथे नुसता तरंगता पूल होता.

आता पंचाईत. १९१२ म्हणावं तर टाळ्या मिळतील, शाळाही टळेल. खरं म्हणावं तर आबांची चार लोकांत शोभा. संध्याकाळी ओवी मला आणि तो फोटो घेऊन आबांसमोर उभी राहिली.

"आबा, मी चुकले तर शाळा ना? आणि तुम्ही चुकलात तर?"

"काय गं, जीभ फार चालायला लागली!" म्हणत आबांनी मला हातात घेतलं. अंगठा बरोबर मुठीवरच्या जुन्या खळगीत बसला. जन्मभर लोकांचे शिक्के तपासले, पण घरातल्या भिंतीवर मला कधी धरलं नव्हतं. आता पगडीमागच्या तुळयांवर धरलं.

"मला बाबांनी सांगितलं," ते हळूच म्हणाले. "आणि बाबांना उलट विचारायची टाप कुणाची होती?"

ओवी त्यांच्या शेजारी टेकली.

मंडळात ओवीच्या आधी आबाच माइकपाशी गेले. "साल माझं चुकलं. कसं, ते माझी नात सांगेल," म्हणाले आणि सगळ्यांदेखत मला तिच्या हाती दिलं. सभागृहात कुजबुज झाली. आबांची मान मात्र ताठ होती.

एप्रिल आला, गेला. शाळेचं नाव कुणी काढलं नाही. आबा आता चहाचा कप घेऊन ओवीच्या टेबलाशी बसतात आणि घडीघडी विचारतात, "तुला कुणी सांगितलं?" मृणालला वैताग आलाय.

मित्रांनो, माझी काच आता फार दिवस टिकायची नाही. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल, तर त्याला मऊ फडक्याने पुसा, किल्ल्यांसोबत टाकू नका. आणि कुणी काही सांगितलं, अगदी लाडक्या माणसाने सांगितलं, तरी प्रेमाने विचारा, की हे आलं कुठून.

नाहीतर बघा. त्या खलाशाची पेटलेली मिशी कुणी पाहिली होती, हे तुमच्यापैकी एकानेही मला अजून विचारलेलं नाही.