एकोणीस नंबरचा उमेदवार

विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात बावीस वर्षं शिपाई असलेल्या माणसाला इंग्रजी येत नाही, असं म्हणणं बरोबर नाही. त्याला दोन शब्द पक्के येत होते. येस आणि सर. ते तो इतक्या वेळा आणि इतक्या घाईने म्हणायचा की दोन्ही मिळून एकच शब्द झाला होता, आणि सगळा विभाग त्याला त्याच नावाने हाक मारायचा. येससर, चहा. येससर, खडू. येससर, पंखा का बंद पडला? जणू पंखा त्यानेच बंद पाडला होता!

दरवर्षी इंग्रजी संभाषणाची तोंडी परीक्षा व्हायची ती लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. दाराबाहेर एक स्टूल, स्टूलावर येससर. आत टेबलावरची घंटी वाजली की उठायचं, आत जायचं, हवं-नको बघायचं, बाहेर येऊन पुढचा नंबर पुकारायचा. तीनदा पुकारूनही उमेदवार आला नाही तर यादीत त्याच्यापुढे 'गैरहजर' पडायचं. दार नीट लागत नसे. त्यामुळे बावीस वर्षांत येससरने जितक्या परीक्षा ऐकल्या होत्या तितक्या कुठल्या प्राध्यापकानेही घेतल्या नसतील.

आता त्याच परीक्षेला तो बसणार होता. सहा वर्षं बाहेरून पदवीचा अभ्यास करून त्याने बाकीचे सगळे विषय सोडवले होते. घोडं अडलं होतं ते या एका तोंडी परीक्षेपाशी. पदवी हातात आली की क्लार्कची जागा मिळणार होती, पण नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत. त्याला अठ्ठेचाळीस व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे यंदा पास, नाहीतर निवृत्तीपर्यंत स्टूल. आणि खरं सांगायचं तर त्याला क्लार्कच्या हुद्द्याचं एवढं काही नव्हतं. त्याला पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी होती, दाराच्या आतल्या बाजूला. बावीस वर्षांत त्याला स्टूलाचा मनापासून तिटकारा आला होता.

घरी तयारी करून घ्यायची त्याची मुलगी. अकरावीत होती, आणि शिकवायला बसली की बापाची अजिबात गय करत नसे.

"व्हॉट इज युवर हॉबी?"

"माय हॉबी इज स्विमिंग. आय गो विथ माय कझिन्स एव्हरी संडे."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग?"

"मागच्या वर्षी चार नंबरची मुलगी असं म्हणाली होती. तिला दहापैकी नऊ पडले."

असं सगळंच होतं. त्याच्या डोक्यात शेकड्यांनी वाक्यं होती आणि एकही त्याचं नव्हतं. इंग्रजीत त्याचा भाऊ सैन्यात होता, घरी कुत्रा होता, मोठेपणी त्याला पायलट व्हायचं होतं. पण 'तुम्ही काय काम करता' म्हटलं की त्याची बोलती बंद व्हायची, कारण त्या खुर्चीत बसून शिपायाविषयी आजवर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ऐकलं असतं तर म्हणाला असता.

त्याहून वाईट होते ते शेवटचे पाच मार्क. त्यात परीक्षक मुद्दाम काहीतरी भलतंच बोलायचे आणि उमेदवाराने ते नम्रपणे खोडून काढायचं.

"चिल्ड्रेन शुड नॉट प्ले," मुलगी म्हणाली. "बोल."

"येस सर."

"अरे, नाही म्हणायचंय!"

"हो, कळलं."

"टीचर्स आर ऑलवेज राइट. बोल."

"येस सर."

"बाबा, मी सर नाहीये!"

"येस."

ओट्यापाशी उभ्या बायकोला हसू आवरेना. "अगं, माझ्या वडिलांनी यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का, तेव्हाही हे येस सरच म्हणाले होते. तेवढ्यावर तर लग्न झालंय माझं."

तेवढ्यात शेजारच्या घराची बेल वाजली आणि येससर ताडकन उभा राहिला.

"शेजारची आहे, बाबा. बस."

दोघी हसत सुटल्या. त्याला हसू आलं नाही. आपले पाय आपल्याला न विचारताच उठतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याची चांगलीच भीती वाटली.

परीक्षेच्या दिवसाची रजा मागायला तो हेडक्लार्ककडे गेला. हेडक्लार्कने अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"रजा कशाला? परीक्षा तिथेच, तूही तिथेच. अठरा नंबर बाहेर आला की एकोणिसावा तू आत जा. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी बदली माणूस कुठून आणू मी?"

यावर तो काय म्हणाला ते वेगळं सांगायला नको. मग जिना उतरेपर्यंत त्याने स्वतःला मनातल्या मनात सणसणीत शिव्या घातल्या.

परीक्षेच्या दिवशी त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट पिशवीत घालून आणला आणि पिशवी स्टूलामागच्या खिळ्याला अडकवली. सतरा नंबर आत असताना गणवेश बदलायचा, असा बेत होता. पण दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांना, म्हणजे बाहेरच्या सरांना, खोकला झाला होता आणि घंटी वाजवायची भारी हौस होती. सतराव्याला त्यांना पाणी हवं झालं, अठराव्याला ऑफिसातून दुसरी यादी. शर्ट खिळ्यालाच राहिला.

बाकावर वीस नंबरची मुलगी कागद चुरगाळत बसली होती. "काका, आत काय विचारतात हो?"

दरवर्षी कोणीतरी हे विचारायचंच, आणि येससर छताकडे बघायचा. आज म्हणाला, "मलाही तेच हवंय. मी एकोणीस."

ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून बाकावर थोडी सरकली. तो काही बसला नाही.

अठरा नंबर बाहेर आला. घंटी वाजली. येससर आत गेला आणि सवयीने भिंतीपाशी उभा राहिला.

"नेक्स्ट," बाहेरचे सर म्हणाले.

"येस सर."

पण तो हलेना. दुसऱ्या परीक्षक विभागातल्याच, पंधरा वर्षं त्याच्या हातचा चहा पिणाऱ्या मॅडम; त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "सर, एकोणीस हेच. बसा ना."

त्याने मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणताहेत म्हणून. मॅडमना आणखी दोनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"टेल अस अबाउट युवर वर्क," मॅडम म्हणाल्या.

पोहण्याचं वाक्य ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. सैन्यातला भाऊ आला, तोही गिळला. मग उरलं ते अगदी थोडं होतं.

"आय सिट," तो म्हणाला. "आउटसाइड. ट्वेंटी टू इयर्स. डोअर इज नॉट गुड, सो आय हिअर एव्हरीबडी. दे से माय फादर, माय हाउस, माय ड्रीम. आय नो ऑल ड्रीम्स."

मॅडमचं पेन थांबलं. बाहेरच्या सरांनी चष्म्यावरून पाहिलं. येससरला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता आणि तो बरा वाटत होता.

"अँड माय ड्रीम इज..."

बाहेरच्या सरांना खोकल्याची उबळ आली. त्यांचा हात आपसूक घंटीवर पडला.

घंटीचा नाद विरेपर्यंत येससर रिकामी बाटली घेऊन दाराबाहेर पोचलासुद्धा. कूलरपाशी त्याने ती भरली. सरांना लवकर पाणी द्यायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. परत येतो तर मॅडम दारात उभ्या.

"नंबर नाईन्टीन!" त्या म्हणाल्या, त्याच्याकडे बघून.

दारातून नंबर आला की तो पुढे पुकारायचा, हे त्याचं काम. त्याने बाकांकडे वळून खड्या आवाजात हाळी दिली, "नंबर नाईन्टीन!"

कोणी उठेना. त्याचं डोकं फिरलं. आज इतका घोळ आणि वर हे! "नंबर नाईन्टीन! कुठे उलथला हा? जाऊ नका, जाऊ नका म्हणून सांगितलं तरी..."

वीस नंबरची मुलगी उभी राहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "एकोणीस तुम्हीच ना?"

व्हरांड्यातले सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचे कान तापले. मॅडमनी एकदा पुकारलं होतं, दोनदा त्याने स्वतः. तीनदा झालं होतं. मॅडम आत गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं.

त्याने बाटली स्टूलावर ठेवली. मग दारापाशी जाऊन टकटक केलं. त्या दारावर त्याने कधी टकटक केलं नव्हतं. पाणी घेऊन येणाऱ्याला कोण विचारतं?

बाहेरचे सर यादीवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही; मघाशी समोर बसलेला एकोणीस नंबर म्हणजे हाच शिपाई, हे खोकल्याच्या नादात ते विसरूनही गेले होते. विद्यार्थ्यांशी ते इंग्रजीत बोलत आणि शिपायाशी मराठीत. "पाणी ठेवा आणि जा," ते म्हणाले. "तो एकोणीस सापडला नाही ना? मॅडम, गैरहजर लावू या."

"येस..." त्याच्या तोंडून निघालंच.

पेन कागदाला टेकलं. येससरचे पाय केव्हाच मागे वळायला निघाले होते. त्याने ते जोर लावून जागच्या जागी धरून ठेवले.

"नो, सर," तो म्हणाला.

सरांनी वर पाहिलं.

"नो, सर. वॉटर इज आउटसाइड. आय हॅव नॉट फिनिश्ड."

आणि बसा म्हणायची वाट न बघता त्याने खुर्ची ओढली आणि पाठ टेकवून बसला.