आधीपासूनच्या जखमा

भाची रविवारी सकाळी आली ती लॅपटॉप काखेत मारूनच. दारातूनच म्हणाली, "मामा, आज तुमच्या त्या तळघरातल्या डोक्याची गरज आहे."

एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात मी एकतीस वर्षं काढली, तळघरात, फायलींच्या मांडण्यांमध्ये. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. भाची आता त्याच इस्पितळात आहे, पण वर, काचेच्या खोलीत. रुग्णांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. त्यासाठी ती वेगळी मोजदाद करत नाही. रोजच्या कामात जे लिहिलं जातंच, म्हणजे केसपेपर, घरी सोडतानाचा गोषवारा, तपासण्यांचे निकाल, त्यांच्यातूनच कुठल्या वॉर्डात पेशंट पडतात, कुठे टाके चिघळतात, हे ती हुडकते. मला याचं फार कौतुक होतं. आपण भरलेले कागद कुणीतरी वाचतंय, एवढ्यानंच मी सुखावलो होतो.

तिनं लॅपटॉप उघडून टेबलावर माझ्याकडे वळवला. पडद्यावर बुटक्या निळ्या काठ्यांची रांग होती आणि मध्येच एक लालभडक काठी, उंच.

"हा तिसऱ्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड," ती म्हणाली. "बाकीच्यांकडे बेडसोर जवळजवळ शून्य, इथे मात्र ढीगभर. एका कुशीवर पडून पडून माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात ना, त्या. आणि एकदोन महिने नाही, नऊ वर्षं! तिथल्या मुख्य सिस्टरना गुरुवारच्या बैठकीत वॉर्डावरून काढणार आहेत. खाली कपडाखात्यात बसवतील."

"कपडाखात्यात?"

"चादरींना तरी जखमा होत नाहीत," ती म्हणाली, आणि स्वतःच ओशाळली. "तसं नाही हो मामा. वाईट वाटतंच. गेले दोन महिने आकडा जरा खाली आलाय, पण फार उशीर झाला. मला फक्त खात्री करून घ्यायचीय. यातली सात वर्षं तुमच्या हातची आहेत. तेव्हाही असंच होतं ना?"

त्या सिस्टरना मी ओळखत होतो. तळघरात आम्ही त्यांना 'पूर्णविराम' म्हणायचो. त्यांच्या वॉर्डातून आलेल्या प्रत्येक गोषवाऱ्यात जखमेबद्दल एक सरळ वाक्य असायचं: ही जखम दाखल झाल्यावर सहाव्या दिवशी दिसली. आणि पुढे ठसठशीत टिंब. वाक्य डॉक्टरांच्या अक्षरात असे, पण ते लिहून घेतलेलं असे या बाईंनी, राउंडच्या वेळी त्यांच्या कोपराशी उभं राहून. टिंब पडल्याशिवाय त्या कागद सोडत नसत म्हणे.

मी चष्मा पुसला. "इतक्या जुन्या गोष्टी," म्हणालो, "आता नीट आठवत नाहीत."

हे खोटं होतं. मला सगळं आठवत होतं.

पेशंट घरी गेला की त्याचे कागद खाली यायचे. प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला मी एक ठरावीक क्रमांक द्यायचा आणि त्यापुढे एका प्रश्नाचं उत्तर भरायचं: हे दुखणं पेशंट येताना घेऊन आला, की इथे आल्यावर झालं? उत्तरं तीन होती. 'आधीपासून', 'इथे आल्यावर' आणि 'कळत नाही'. नियम असा की उत्तर डॉक्टरांच्या लिहिण्यातूनच घ्यायचं, नर्सच्या नोंदी चालत नसत. डॉक्टरांनी काही लिहिलं नसेल तर 'कळत नाही' भरायचं. मग कॉम्प्युटरमधून एक विचारणेची चिठ्ठी निघायची. ती घेऊन वर जायचं आणि डॉक्टरांचं उत्तर सहीनिशी आणायचं.

चिठ्ठी घेऊन मी एकदाच गेलो. मोठे सर्जन विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "हे तळघरातून आलेत," ते म्हणाले, "माझ्या पेशंटला जखम कुठे झाली ते मला विचारायला. उद्या माझं ऑपरेशन तपासायला येतील." विद्यार्थी हसले. मीही हसलो. ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. सर्जनच्या बोलण्यानं नाही, माझ्या हसण्यानं.

त्यानंतर मी एकही चिठ्ठी काढली नाही. डॉक्टरांनी काही लिहिलं नसेल तिथे 'आधीपासून' भरत गेलो. त्या उत्तराला चिठ्ठी लागत नसे. इतर वॉर्डांचे डॉक्टर तेवढं एक वाक्य लिहायचा कंटाळा करत. त्यामुळे त्यांच्या जवळजवळ सगळ्या जखमा पेशंट घरूनच घेऊन आले, असं माझ्या नोंदी सांगत होत्या. इथे झालेल्या जखमा नोंदल्या गेल्या त्या बहुतेक एकाच वॉर्डाच्या. जिथे कुणीतरी खरं लिहून घेत होतं, त्याच्या.

आणि निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या माणसालाही मी हेच शिकवलं होतं. "रिकामं असलं की 'आधीपासून'. डोक्याला ताप नाही." त्यानं हे वहीत लिहून घेतलं होतं.

भाची चहा पिऊन गेली. बायको कपबश्या उचलत होती. ती म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? पोरगी साधं विचारत होती, तुम्ही चष्म्याचं भिंग झिजवायला लागलात."

मी तिला सगळं सांगितलं. ती कपबश्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हणजे त्या बाई खऱ्या वागल्या म्हणून मार खाणार?"

"तसं म्हणता येईल."

"तसं म्हणता येईल काय! तुम्हाला केस कापणाऱ्याला 'थोडे कमी काप' म्हणता येत नाही, दर वेळी टक्कल करून येता, त्यावर मी आयुष्यभर हसत आले. पण हे हसण्यासारखं नाही हो." ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

सोमवारी मी भाचीला फोन लावला आणि तिनं उचलल्यावर तिच्या आईची तब्येत विचारली. मंगळवारी पत्र लिहायला बसलो. चांगलं लिहिलं होतं मी पत्र. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं तर त्यात नियमांची माहिती होती, कामाचा बोजा होता, दिवसाला पस्तीस फायली होत्या. माझी चूक शेवटच्या परिच्छेदात होती, तीही 'अनवधानाने' या शब्दाच्या आडोशाला. पत्र फाडलं.

बुधवारी दुपारी मी थेट इस्पितळात गेलो. लिफ्टमध्ये भाचीच्या मजल्याचं बटण दाबायचं होतं, मी तीन दाबलं. आधी सिस्टरना एकट्यांनाच गाठून सांगावं, त्या समजूतदार असतील, असं काहीतरी मनात होतं. खरं तर भाचीच्या डोळ्यांपेक्षा परक्या बाईचे डोळे मला सोपे वाटले असावेत.

सिस्टर एका म्हाताऱ्या पेशंटला कुशीवर वळवत होत्या. समोर एक तरुण नर्स होती. एक, दोन, तीन म्हणून त्यांनी त्याला चादरीसकट उचलून वळवलं, पाठीमागे उशी लावली, टाचा तपासल्या. मग सिस्टरनी भिंतीवरच्या तक्त्यावर वेळ लिहिली. दर दोन तासांनी. तक्ता पार खालपर्यंत भरलेला होता.

"अहो, रेकॉर्डवाले काका!" त्यांनी मला ओळखलं. "इकडे कुठे वाट चुकलात? कुणी दाखल आहे का?"

"नाही, सहज."

"इस्पितळात सहज येणारे तुम्ही पहिलेच." त्या हसल्या, पण चेहरा ओढलेला होता. टेबलाचे खण त्यांनी आधीच रिकामे केले होते. एका खोक्यात स्वेटर, पाण्याची बाटली, जुनी डायरी. "ऐकलंच असेल तुम्ही. उद्या निकाल आमचा."

मी मान हलवली.

"एक विचारू काका? तुम्ही एवढी वर्षं सगळ्यांचे कागद पाहिलेत. बाकीच्या वॉर्डांत करतात तरी काय? मी गेले होते बघायला. चौथ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले, शिकवा म्हटलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आम्ही काही वेगळं करत नाही. मला वाटलं, सांगायचं नसेल. बावीस वर्षं झाली मला, आणि आता पेशंटला वळवताना वाटतं, आपला हातच वाईट आहे की काय." त्यांनी हात पुढे करून खरोखर पाहिला. "आकडा कशाला खोटं बोलेल?"

"सिस्टर, चूक तुमची..." एवढंच म्हणालो.

तेवढ्यात ती तरुण नर्स एक केसपेपर घेऊन आली. सिस्टरनी तो चाळला. "अगं, सात नंबरच्या आजींची टाच लाल झालीय ना कालपासून? लिहिलं का नाहीस?"

ती एकदम म्हणाली, "सिस्टर, रागावू नका. आम्ही सगळ्यांनीच ठरवलंय. दोन महिने झाले. लिहिलं की तुमच्या नावावर जातं. मग लिहायचं कशाला?"

सिस्टरनी केसपेपर मिटला. "आणि लिहिलं नाही तर पुढच्या पाळीतल्या मुलीला आजींची टाच कळणार कशी? राउंडला डॉक्टरांना मी काय दाखवणार?"

"आम्ही तोंडी सांगतो की."

"सगळं?"

नर्सनं मान खाली घातली. म्हणजे आकडा खाली आला होता तो असा. जखमा तेवढ्याच होत्या, कदाचित जास्त. आणि माझी युक्ती आता वर, वॉर्डात शिकली गेली होती, माझ्यासारखी भीतीपोटी नव्हे, या बाईंवरच्या मायेपोटी. मला तिथे उभं राहवेना. "येतो मी," म्हणालो. माझं वाक्य अर्धंच राहिलं आहे हे सिस्टरच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवारी बैठकीच्या आधी तासभर मी भाचीच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शेवटी तिनं विचारलं, "किती कागद असतील?"

"सात वर्षांचे. आणि माझ्यानंतरचीही दोन. त्याला मीच शिकवलं."

"रविवारी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि त्या बाईंना काढलं असतं, ती लाज नसती वाटली?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तीन महिने हे आकडे घेऊन सगळ्यांसमोर नाचतेय मामा. मी एकदाही नाही विचारलं की बाकीच्या वॉर्डांत एवढं शून्य कसं. शून्य दिसलं की खूश." ती उठली. "मी सांगून भागणार नाही. तुम्ही चला. तुम्हीच बोलायचं."

लांब टेबलाभोवती सात-आठ माणसं होती. मधोमध अधीक्षक, एका टोकाला सिस्टर. मी बोलायला लागलो तर अधीक्षक म्हणाले, "जरा मोठ्यानं." पुन्हा सुरुवात केली. ते पुन्हा म्हणाले, "ऐकू येत नाही हो." तिसऱ्या वेळी मी जवळजवळ ओरडलोच: "रिकामी जागा मी 'आधीपासून' म्हणून भरली. सगळ्या वॉर्डांची. मला विचारायची भीती वाटायची."

कुणी हसलं नाही.

अधीक्षकांनी पुरावा काय असं विचारलं. भाची म्हणाली, "चौथ्या मजल्याचे, जखमेपुढे 'आधीपासून' भरलेले, चाळीस जुने केसपेपर काढू. दाखल करतानाची नर्सची तपासणी त्यात असतेच. तेव्हा कातडी धड होती आणि सोडताना जखम होती, तर ती जखम इथलीच."

तेव्हा सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. "काका, नर्सनी लिहिलेलं तुम्ही वाचत होतात?"

नाही म्हणता आलं असतं. नियमाप्रमाणे मला ते वाचायचं कारणच नव्हतं. पण मी हाती येईल ते वाचणारा माणूस. एकेक केसपेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचो, गोष्टीसारखा. कुणाच्या पाठीवर कधी लाली दिसली, कुणी रडलं, कुणाला भेटायला कुणीच आलं नाही.

"वाचत होतो," म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो. बहुतेकांचं."

त्यांनी मान वळवली, ती बैठक संपेपर्यंत तशीच ठेवली.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या आठवड्यात चाळीस केसपेपर निघाले. त्यातल्या एकतीस जखमा इथे झालेल्या होत्या. त्या धरल्यावर हाडांच्या वॉर्डाची काठी चौथ्या मजल्यापेक्षा बुटकी निघाली. सिस्टर आपल्या जागी राहिल्या. नऊ वर्षांचे कागद पुन्हा वाचायचं ठरलं आणि ते काम मी मागून घेतलं. अधीक्षकांनी ते दिलं, पण मी वाचलेला प्रत्येक कागद दुसरं कुणीतरी तपासेल, या अटीवर. अट रास्त होती.

मी सिस्टरची माफी मागायला वर गेलो. त्या औषधांची गाडी लावत होत्या. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला तुम्हाला काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. सुचलं की म्हणेन. पण या मुलींना तुम्ही सांगा. मी लिहा म्हटलं तर त्यांना वाटतं, ही पुन्हा खड्ड्यात जातेय."

पाळी बदलायची वेळ होती. आठ नर्स टेबलाभोवती जमल्या. मी त्यांना सांगितलं, तुम्ही लिहिलेलं खाली कसं वाचलं गेलं आणि त्याचं काय केलं गेलं. सर्जनची गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर कुणाला तरी माझी दया आली असती.

ती तरुण नर्स म्हणाली, "मग या दोन महिन्यांत आम्ही जे लिहिलं नाही, त्याचं काय करायचं?"

उत्तर सिस्टरनी दिलं. "जे घरी गेले ते गेले," त्या म्हणाल्या. "जे आहेत त्यांना आता बघू. एक नंबरपासून. पाठ, माकडहाड, टाचा. दिसेल ते आत्ताच्या आत्ता लिहायचं."

त्या सगळ्या एक नंबरच्या पलंगाकडे गेल्या. मी त्यांच्या मागोमाग दोन पावलं गेलो आणि मध्येच उभा राहिलो. पुढे जावं की परत फिरावं ते कळेना.

"काका, बाजूला व्हा," सिस्टर वळून न बघता म्हणाल्या, "पडदा लावायचाय."

मी बाजूला झालो.