तबकडीवरची तेजी

संध्याकाळचे सहा वाजत आले की बाजारचौकात मुंगीलासुद्धा जागा उरत नसे. दुकानदार शटर अर्धं ओढून येत, बायका हातातलं काम टाकून येत, आणि दीड वर्ष ज्यांच्या हातात कामच नव्हतं ते तर चारपासूनच पुढची जागा धरून बसत. सगळ्यांच्या माना वर. जुन्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ट्रकच्या चाकाच्या दुप्पट मोठी पांढरी तबकडी बसवली होती. तिच्यावर डाव्या बाजूला काळ्या अक्षरांत ‘मंदी’, उजव्या बाजूला हिरव्या अक्षरांत ‘तेजी’, आणि मध्ये लाल सुई. नगरपालिकेचा सहाचा भोंगा झाला की ती सुई थरथरायची आणि बोटभर तेजीकडे सरकायची.

“सरकली! सरकली गं बाई!”

“आज कालच्यापेक्षा जास्त सरकली. मी खूण धरून बघत होतो.”

ज्याची ही करामत, तो टाकीखालच्या ओट्यावर उभा असे. पांढरी पँट, पांढरा कोट, छातीला माइक. स्वतःला तो ‘उभारी सल्लागार’ म्हणवून घ्यायचा. लोकांनी आठवड्याभरात त्याचा तेजीबाबा करून टाकला, आणि त्यालाही ते काही वाईट वाटलं नाही.

“बाजार म्हणजे काय?” तेजीबाबा विचारी.

“विश्वास!” गर्दी ओरडे.

“पैसा म्हणजे काय?”

“विश्वास!”

“आणि कारखाना म्हणजे काय?”

“विश्वास!”

कारखाना म्हणजे चार भिंती, यंत्रं आणि सकाळी सातला डबा घेऊन येणारी माणसं, असं कुणाच्या मनात येत असेलही. पण बोलायची सोय नव्हती. “शंका घेऊ नका!” तेजीबाबा बोट उगारून बजावी. “एकाने शंका घेतली की सुई घसरते. तुमच्या शंकेनं शेजाऱ्याची नोकरी जाते. आहे का कुणाला शंका?” मग अख्खा चौक शाळेतल्या मुलांसारखा मुकाट बसे.

चपलांच्या दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांच्या मागे, काटेबाई उभी असे. गावाबाहेरच्या नाक्यावर जो गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा आहे, तिथल्या खोलीत ती बावीस वर्षं पावत्या लिहीत होती, म्हणून काटेबाई. खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाच आठवत असेल, आणि तोही ‘अगं’ म्हणूनच भागवायचा. दिवसभर खिडकीत बसून तिचे पाय सुजत. घरी जाऊन आडवं व्हावं असं वाटे. पण नवरा पुढच्या रांगेत असायचा, आणि बऱ्याच महिन्यांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसायचा, म्हणून ती थांबायची.

या गावाचा एक जुना ठोकताळा होता. दिवस बरे आहेत की वाईट, हे इथे पेपरात बघत नसत, वजनकाट्यावर बघत. सकाळी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो काटेबाईला विचारणार, “ताई, काल किती गाड्या भरून गेल्या?” जास्त गेल्या की न्हावीही दोन शब्द जास्त बोलायचा. तेजीबाबाने नवीन काहीच आणलं नव्हतं. त्याने तो ठोकताळा उचलला आणि टाकीवर टांगला. रोज पावणेसहाला त्याचा माणूस नाक्यावर येई, दिवसभरात किती टन लोखंडी माल गावाबाहेर गेला त्याची चिठ्ठी काटेबाईकडून लिहून नेई, आणि त्या हिशेबाने सुई सरके. माल ताडपत्रीखाली झाकलेला असे; बंद कारखान्यांच्या गोदामांत पडून राहिलेला माल आता खपतोय, असं सगळे धरून चालले होते. आकडा खरा होता. काटेबाईने आयुष्यात कधी खोटं वजन लिहिलं नव्हतं. म्हणून तर नवरा म्हणायचा, “अगं, तूच तोलतेस आणि तूच कशी हसत नाहीस?”

तिला हसू का येत नाही, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

गावात तीन कारखाने होते, तिन्ही बंद. नटबोल्टचा, व्हॉल्व्हचा, आणि सगळ्यांत मोठा पंपांचा. पंपाच्या कारखान्यात तिचा नवरा एकोणीस वर्षं लेथ चालवत होता. मालकाला यंत्रं विकून मोकळं व्हायचं होतं, पण कामगार फाटकाशी पाळीपाळीने बसून होते. यंत्रं जागेवर राहिली तर आज ना उद्या कुणीतरी कारखाना चालवायला घेईल, एवढीच त्यांची आशा. त्यांनी एकही यंत्र बाहेर पडू दिलं नव्हतं. आता तेजीबाबा म्हणत होता, येत्या रविवारी सगळ्यांनी सह्या करून फाटक मोकळं करा. तेजी दाराशी आली आहे आणि तुम्हीच दार अडवून बसलात. पहिली सही काटेबाईचा नवरा करणार होता. त्याने त्यासाठी ठेवणीतला शर्ट काढला होता.

गुरुवारी दुपारी एक भरलेली गाडी काट्यावर वाकडी चढली. मागचं एक चाक पट्टीच्या बाहेर, त्यामुळे आकडा लागेना. काटेबाई दुखरे पाय ओढत खाली उतरली.

“चाक खाली राहिलंय. पुढे घे थोडी.”

“ताई, घाई आहे हो. अंदाजे लिहा ना.”

“अंदाजे मी भाजीचं वजनही करत नाही. घे पुढे.”

गाडी पुढे आली, आणि ताडपत्रीचं एक टोक दोरीतून सुटून फडफडलं. आत हिरव्या रंगाचा लेथ होता. आडवा टाकलेला. त्याच्या डोक्याशी कुणीतरी आरशाचा तुकडा चिकटवला होता, पाळी सुटल्यावर भांग पाडायला चिकटवतात तसा.

“हा काय माल आहे?”

“लोखंडी माल. रोज तुम्हीच तर लिहिता.”

“हा लेथ आहे.”

“होता,” ड्रायव्हर म्हणाला. “आता भंगार. भट्टीत जाणार. नटबोल्टचा कारखाना संपला, आता व्हॉल्व्हचा चाललाय. सोमवारपासून पंपाचा मोठा कारखाना लागणार म्हणतात. खोटं कशाला बोलू, ताई, या मंदीत एवढं काम मला कधी मिळालं नव्हतं.”

त्याच्या बोलण्यात काही पाप नव्हतं. त्यालाही घर होतं. काटेबाईने वजन घेतलं, पावती फाडून दिली आणि खुर्चीत बसली. मग तिने तेजीबाबा आल्यापासूनच्या अकरा आठवड्यांच्या पावत्यांची पुस्तकं खाली काढली.

वजनकाट्यावर प्रत्येक गाडी दोनदा तोलली जाते. कारखान्यासाठी कच्चं लोखंड घेऊन येणारी गाडी आधी भरलेली तोलतात आणि माल उतरवून परत आली की रिकामी. तयार माल न्यायला येणारी गाडी आधी रिकामी, मग भरलेली. कारखाने चालू असताना पुस्तकात दोन्ही तऱ्हेच्या पावत्या मिसळून असायच्या. आत काही येतं, म्हणून तर बाहेर काही जातं. काटेबाईने बोट ठेवून एकेक पावती पाहिली. आधी रिकामी, मग भरलेली. पुन्हा आधी रिकामी. अकरा आठवड्यांत लोखंड घेऊन आत आलेली एकही गाडी नव्हती. गाव काही बनवत नव्हतं, स्वतःलाच काढून विकत होतं. आणि प्रत्येक पावतीवर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘लोखंडी माल’. पंप गेला तरी लोखंडी माल, पंप बनवणारं यंत्र गेलं तरी लोखंडी माल. नाक्यावर बावीस वर्षं असंच लिहायची पद्धत होती आणि तिला कधी त्यात वावगं वाटलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने इस्त्री थांबवली नाही.

“नटबोल्टवाले वेगळे, आम्ही वेगळे.”

“अहो, ड्रायव्हर सोमवार म्हणाला. तुम्ही रविवारी सही करणार.”

“ड्रायव्हर काय, उद्या काहीही म्हणेल.” मग त्याचा आवाज खाली आला. “दीड वर्ष त्या फाटकाशी बसून पाठ मोडली गं. एकदा तरी कुणी म्हणू दे की संपलं.”

काटेबाईला त्याचा राग आला नाही. तिलाही हेच ऐकायचं होतं. तिने गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि दोघांनी तो घेतला.

रविवारी चौकात नेहमीच्या दुप्पट गर्दी. ओट्यावर टेबल, टेबलावर कागद. सहाचा भोंगा झाला, सुई सरकली, टाळ्या पडल्या. तेजीबाबाने पेन पुढे केलं. “शंका आहे कुणाला?”

“मला आहे,” मागून काटेबाई म्हणाली.

माना वळल्या. ती पुस्तकं काखेत मारून पुढे आली. भाषण तिला येत नव्हतं. तिने विचारलं, “या अकरा आठवड्यांत लोखंड घेऊन गावात आलेली एक गाडी कुणी पाहिलीय का?”

“बाई, अर्थशास्त्र एवढं सोपं नसतं,” तेजीबाबा हसला. “आवक, जावक, चक्र, प्रतिचक्र...”

“मला चक्र कळत नाही. मला गाडी कळते.” आणि तिने पावत्या वाचायला सुरुवात केली. तारीख, आधी रिकामी, मग भरलेली. दहा पावत्या झाल्या, वीस झाल्या. मग तिने आरशाच्या तुकड्याबद्दल सांगितलं. गर्दीतून एक म्हातारा कामगार उठून उभा राहिला. “हिरवा लेथ? डोक्याशी आरसा? माझा आहे तो.” एवढं बोलून तो खाली बसला.

“शंका!” तेजीबाबा ओरडला. “बघा, आता सुई घसरेल! या बाईमुळे घसरेल!”

सगळे वर बघू लागले. सुई हलली नाही. काटेबाईचा नवरा पेन हातात धरून बराच वेळ त्या सुईकडे बघत होता. एकोणीस वर्षं यंत्राशी काढलेला माणूस. तो हळूच म्हणाला, “थांबा. आपण सगळेच शंका घेऊन बघू. घ्या शंका!”

“घेतली!” कुणीतरी ओरडलं. “मीपण घेतली!” बघता बघता अख्खा चौक शंका घेऊ लागला. सुई जागच्या जागी.

नवरा टाकीच्या शिडीवर चढला आणि त्याने तबकडीमागचं झाकण उघडलं. आत तेजीबाबाचा माणूस एक हँडल उलटं फिरवायच्या खटपटीत घामाघूम होऊन बसला होता.

“दातेरी चाक आहे,” नवऱ्याने वरून सांगितलं, “आणि त्याला खटका. पुढे फिरतं, मागे फिरत नाही. आमच्याकडे वजन उचलायच्या साखळीला असतो, तसाच. रोजचं वजन कालच्या वजनावर चढतं. एक गाडी गेली तरी सुई वर, शंभर गेल्या तरी वर. गाव अख्खं विकलं गेलं तरी ही खाली येणार नाही. हिला खाली येताच येत नाही.”

“मी कुणाचं काय घेतलं?” तेजीबाबा म्हणाला. आता त्याचा माइक बंद होता. “मी आशा दिली तुम्हाला.”

त्याला कुणी हात लावला नाही. कुणाच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. तो गाडीत बसून गेला, आणि जो तो आपापल्या वाटेने निघाला. किराणावाली मावशी मात्र काटेबाईसमोर येऊन थांबली. तिचे डोळे भरले होते. “तुला काय मिळालं गं हे सांगून? दिवसभरात सहा वाजता तेवढं बरं वाटायचं.”

“मलाही वाटायचं, मावशी,” काटेबाई म्हणाली.

फाटकाशी त्या संध्याकाळी अकराजण बसले. पूर्वी तीस बसायचे. काटेबाईही नवऱ्याशेजारी बसली. आतल्या अंधूक उजेडात यंत्रांच्या रांगा दिसत होत्या, धूळ खात, पण जागेवर.

“मग मंदी संपली का नाही?” एकाने विचारलं. “निदान कधी संपेल?”

“मला माहीत नाही,” काटेबाई म्हणाली. “मला माहीत आहे असं जो म्हणेल, त्याला आधी विचारा कशावरून. आकडा दाखवला तर विचारा कशाचा. वर गेला म्हणाला तर विचारा, खाली येऊ शकतो का? आणि शंका घेऊ नका म्हणाला, तर उठून घरी या.”

थोड्या वेळाने नवऱ्याने अंगातला ठेवणीतला शर्ट उतरवून नीट घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि सकाळच्या पाळीला कोण कोण येणार ते विचारायला सुरुवात केली.