तळहात टेकायची जागा

मी टेबल बोलतोय. चंदीगडच्या एका सरकारी कार्यालयात, दुसऱ्या मजल्याच्या मधोमध मी उभा असतो. माझ्याभोवती एकही खुर्ची नाही, आणि त्याचाच मला अभिमान आहे. टेबलानं स्वतःबद्दल इतकं बोलावं का, अशी शंका मनात येते. पण माझ्याभोवती जे घडलं ते मी नाही सांगितलं, तर कोण सांगणार?

हे शहर नुकतं वसत होतं तेव्हा एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. पाय त्यानं असे तिरके दिले, की मी चालायला निघालोय असं वाटावं. गेलो मात्र कुठेच नाही. मोठ्या साहेबांच्या खोलीत वर्षानुवर्षं राहिलो. माझ्या एका बाजूला साहेब बसायचे, दुसऱ्या बाजूला बाकीचे मान खाली घालून उभे राहायचे. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत होती. कुणी चूक कबूल केलीच, तर संध्याकाळी त्याच्या हातात मेमो पडायचा. पुढे प्लायवूडची टेबलं आली आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. ऊन, पाऊस आणि कबुतरं यांच्या सोबतीत मी बराच काळ काढला.

मला खाली आणलं ते मधुरिमा सरंजामे यांनी. त्या साताऱ्याच्या. नवऱ्याची हवाई दलातून इकडे बदली झाली, म्हणून त्यांनीही आपली बदली इकडे मागून घेतली. पाणी आणि रस्ते, अशा दोन्ही शाखा त्यांच्या हाताखाली आल्या. दोन्ही शाखा एकाच दालनात, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. वळून बोलायचं सोडून माणसं संगणकावरून एकमेकांना पत्रं पाठवत आणि उत्तराची वाट बघत.

बाईंनी मला दोन शाखांच्या मध्ये ठेवलं आणि नियम केला. रोज सकाळी सगळ्यांनी माझ्याभोवती उभं राहायचं. बाई तक्रार वाचतील. काम ज्याच्याकडे अडलंय, त्यानं माझ्यावर तळहात टेकायचा. हात पडल्याशिवाय पुढची तक्रार नाही.

"मॅडमजी, ये तो ज्योतिषीवाला काम हो गया," रस्ते शाखेचे अभियंते हरजिंदर सिंग म्हणाले.

"हाथ आपका, भविष्य पब्लिक का," बाईंनी तिथल्या तिथे परतवलं.

सगळे हसले, पण हात खिशातच राहिले. मेमोची भीती मुरलेली होती. कुणी हात टेकलाच तर बोटांची टोकं लावून लगेच काढून घ्यायचा, तापल्या तव्याला लावल्यासारखी.

त्यात सगळ्यांत घाबरट बोटं कृष्णकांत ढवळीकरांची. त्यांचे वडील फौजेत होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. कृष्णकांत दोन विषयांत एम. ए., पाणी शाखेचे अधीक्षक. एक ओळ लिहिली की तीनतीनदा वाचायचे आणि तरी पुसायचे. निवृत्ती तोंडावर आली होती. उभ्या नोकरीत एकही मेमो नाही, ही त्यांची एकुलती एक कमाई, आणि ती तशीच घेऊन त्यांना घरी जायचं होतं.

एका सकाळी बाईंनी वाचलं, की शहरातल्या मनीमाजरा भागातल्या एका गल्लीत नळाला गढूळ पाणी येतंय आणि मुलं आजारी पडताहेत.

"यावर हात कुणाचा?"

कुणाचाच नाही.

"रोड खोदने की परमिशन तो मैं कब की दे चुका," हरजिंदर म्हणाले.

"हमारे पास तो परमिशन आई ही नहीं," पाणी शाखेची तरुण अभियंता शिवानी म्हणाली.

बाईंनी तीच तक्रार पुन्हा वाचली. माझ्या कडेपासून एकजण हळूच मागे सरकला. ते कृष्णकांत होते. परवानगी त्यांच्या संगणकावर येऊन पडली होती. बाईंचा होकार घेऊन ती शिवानीकडे पाठवायची, एवढंच काम. बाई बोलावतील म्हणून ते वाट बघत राहिले, आणि परवानगी पुढे गेली असणार, असं समजून बाईंनी बोलावलंच नाही.

मग माझ्यावर एक ओला तळहात पडला. पूर्ण, पाचही बोटांसकट.

"माझ्याकडे आहे, मॅडम." मग सगळ्यांना कळावं म्हणून, "मेरे पास है जी."

"का थांबलात?"

"तुम्ही बोलावलं नव्हतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "माझी खोली समोरच आहे ना?"

"आहे. पण बाहेर लाल दिवा लागलेला असतो."

बाईंनी वळून आपल्या दारावरच्या दिव्याकडे पाहिलं. मग शिवानीला म्हणाल्या, "मेरी हाँ है. खुदाई आज ही." आणि कृष्णकांतांना, "तुम्ही तिच्याबरोबर जा. पाणी स्वच्छ झालं की मला येऊन सांगा. बोलावण्याची वाट बघू नका."

त्याच दुपारी वीजतंत्री आला आणि बाईंच्या दारावरचा लाल दिवा काढून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत आले ते चिखलानं माखलेल्या बुटांनिशी, थेट बाईंच्या दारात. दार उघडं असल्यानं मला सगळं ऐकू येत होतं.

"गटाराशेजारची पाइप फुटली होती. बदलली. पाणी स्वच्छ आहे, मी स्वतः पिऊन पाहिलं."

"पिऊन नव्हतं पाहायचं हो," बाई म्हणाल्या.

"मेमो कधी मिळेल, मॅडम? म्हणजे घरी सांगून ठेवतो."

"कसला मेमो? चूक तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलीत. तीच कागदावर लिहून तुम्हालाच कळवू? बसा, चहा घ्या."

ते उभेच राहिले. खुर्चीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग अगदी कडेला का होईना, बसले.

पुढच्या सकाळी बाईंची तक्रार वाचून व्हायच्या आत हरजिंदरांचा रुंद पंजा माझ्यावर धपकन आदळला. "मेरा है जी, लिख लो." त्या आवाजानं मी जितका सुखावलो, तितका घडवला गेलो त्या दिवशीही सुखावलो नसेन.

आता माझ्या कडांचं पॉलिश उडालंय. हे जुनं लाकूड संग्रहालयात शोभेल, असं येणारे-जाणारे म्हणतात. माझी एवढीच विनंती आहे, की मला तिकडे नेऊ नका. मला नुसतं बघायला येऊ नका. माझ्याभोवती उभे राहा, आणि काम तुमच्याकडे अडलं असेल तर तसं सांगा.