मक्यासाठी अळणी

साळूबाई गंगापूर रोडच्या एका कॉलेजात झाडलोट करायची. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी चैताली नावाच्या संशोधन करणाऱ्या मुलीने तिथल्या गच्चीवर मक्याच्या वीस कुंड्या मांडल्या आणि त्यांना मापाने मिठाचं पाणी घालायचं काम साळूबाईकडे दिलं. साळूबाईचं काळीजच हललं. खायच्या झाडाला मीठ! अशाच मिठाने तर तिचं विंचूरकडचं शेत गेलं होतं. कालव्याचं पाणी मुरून मुरून जमीन खारवली, उन्हाळ्यात पांढरी पडू लागली. नवरा-बायको नाशकात खोली घेऊन राहिले, आणि आता तिचा नवरा चिमाजी ती माती वीटभट्टीवाल्याला द्यायला निघाला होता.

"एका तरी झाडाला कणीस धरू द्या," ती म्हणाली. "तवर थांबा."

"कुंडीतला मका बघून शेताचं ठरवती व्हय?" चिमाजी हसला. पण थांबला.

त्या दिवसापासून साळूबाईने मीठ सोडलं. झाडं मीठ पितात, तर आपण अळणी खायचं. एवढं सरळ होतं ते तिच्या लेखी.

महिनाभरात खालची पानं कडेने करपली. "ताई, तोडू का ही?" तिने विचारलं.

"नको हं मावशी. झाड बरंच मीठ त्या जुन्या पानांत साठवून ठेवतं. कोवळ्या शेंड्यापर्यंत जाऊ देत नाही."

साळूबाई कितीतरी वेळ ते करपलेलं पान कुरवाळत बसली.

अळणी खाऊन तिची जीभ धुतल्यासारखी झाली. भाकरीतला गोडवा कळू लागला, पाण्यालाही चव आली. दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत डोळा लागला की पांढरं शेत दिसायचं आणि त्यात डोक्याच्या वर गेलेला मका. ती त्यातून चालत राहायची. पायाखाली मीठ चुरचुरायचं, वर नुसती हिरवी सळसळ. जाग आली की बाई बावरून कुंड्यांकडे बघत राहायची.

संक्रांत उलटली. एकोणीस झाडं वांझ राहिली. सात नंबरच्या कुंडीत तेवढं बोटभर कणीस धरलं, दाणे अकरा. पण चैताली सगळंच वाळवून, दळून तपासणार होती, कणसासकट. हे ऐकलं आणि साळूबाईने उघडलेला डबा तसाच बाजूला सारला.

"जेवत का नाही?" म्हणत चैतालीने तिच्या डब्यातली भाजी चाखली आणि तोंड वाकडं केलं. मग साळूबाईने सगळं सांगितलं. ते ऐकून पोरीने कणसातले पाच दाणे सोडवून साळूबाईच्या हातावर ठेवले. "खाऱ्या जमिनीत उगवतीलच असं नाही, मावशी."

"नाय उगवले तर नाय. पेरून तर बघीन."

संध्याकाळी तिने ते दाणे चिमाजीपुढे ठेवले. त्याने एकेक उचलून उजेडात पाहिला.

"सात नंबरचे?"

तिने मान डोलावली आणि दोघांची ताटं वाढली. चिमाजी उठला, फळीवरची बरणी काढली आणि तिच्या ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं.

"खा आता," तो म्हणाला. "भट्टीवाल्याला उद्या नाय म्हणून सांगतो."