मुकी दुपार, मोरपंखी लोकर

किन्हीराजा गावच्या मनकर्णाबाईंना व्रतांचा कंटाळा कधी आला नाही. पहाटे तुळशीला पाणी, सोमवारचा उपास, एकादशी, शनिवारी मारुतीला तेल, सगळं कसं श्वासासारखं चालायचं. खोटं मात्र त्यांना बोलता येत नसे. ते काही व्रत नव्हतं. जिभेला ते वळणच नव्हतं.

देवघराच्या कोनाड्याखाली त्यांचा एक पत्र्याचा डबा असे. आत कडुनिंबाचा पाला आणि पाल्याखाली लोकर. चार वर्षांमागं यजमानांचा, जगदेवरावांचा, पाय मोडला, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात दीड महिना बसून काढावा लागला होता. तिथल्या एका नर्सबाईनं वेळ जावा म्हणून मनकर्णाबाईंच्या हाती दोन सुया दिल्या. जगदेवरावांचा पाय जुळला, पण सुया काही सुटल्या नाहीत.

डब्यात काय नव्हतं? एक पायमोजा होता, त्याचा जोडीदार तीन हिवाळे झाले तरी जन्मला नव्हता. एक गुलबंद होता, सुरुवातीला वीतभर रुंद आणि शेवटाला हातभर. मधले टाके कुठून आले ते देवच जाणे. जगदेवरावांसाठी विणलेली कानटोपी शेवटी दह्याच्या गाडग्याला बसली होती.

"दही झ्याक लागते पन त्यात," जगदेवराव म्हणायचे. "माह्या डोक्यापरीस गाडग्यालेच शोभते ते."

मनकर्णाबाई हसायच्या, आणि बिघडलेलं काम उसवून त्याच लोकरीचं दुसरं काही मांडायच्या. डब्यातली प्रत्येक लडी दोनतीनदा तरी उसवलेली होती. नाही उसवलं ते एक पांढरं टोपडं, अगदी तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

ते त्यांनी लेकीच्या, पंचफुलाच्या पहिल्या बाळासाठी विणलं होतं, साऱ्या गावाला दाखवत दाखवत. पोटातल्या पोरासाठी आधी काही शिवू-विणू नये, असं गावात मानतात. ते बाळ आलं आणि डोळे न उघडताच गेलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण विहिरीवर बाया बोलायच्या आणि मनकर्णाबाई दिसल्या की गप्प व्हायच्या.

आता सन अडतीसच्या आषाढात रिसोडहून निरोप आला, की पंचफुलाला पुन्हा दिवस गेलेत. कार्तिकात बाळंतपण. कार्तिक म्हणजे थंडी. आजीच्या हातचा लोकरीचा सदरा बारशाला बाळाच्या अंगात पाहिजे, एवढी एकच इच्छा मनकर्णाबाईंनी धरली. बाळ झाल्यावर विणायला घेतलं असतं, तर त्यांच्या चालीनं तो बारशाऐवजी शाळेत घालायला मिळाला असता. म्हणजे आत्ताच मांडायला हवं, आणि कुणाला कळता कामा नये.

वाशीमच्या बाबूलालच्या दुकानात मोरपंखी रंगाच्या चारच लड्या होत्या. "असा रंग पुन्हा येनार नाई, बाई," तो म्हणाला. चारही घेऊन त्या घरी आल्या आणि ओसरीवर बसून बहात्तर टाके घातले.

दुसऱ्या ओळीला शेजारची रंगूबाई हजर. नात्यानं चुलत नणंद, गावातच दिलेली.

"काय विनून राह्यल्या, वयनी?"

आता काय सांगणार? खोटं येत नाही आणि खरं चालत नाही. मनकर्णाबाई खोकल्या, पाणी प्यायला आत गेल्या, आणि परत येईपर्यंत मोजणी विसरल्या. तेवढ्यात कुणी ताक मागायला आलं, कुणी तिथी विचारायला. बहात्तरचे एकोणसत्तर झाले. त्यांनी उसवलं. आठ दिवसांत पाच वेळा उसवलं.

आणि मग आषाढी एकादशीला देवापुढं बसल्या असताना त्यांना सुचलं. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. आपण बोलणं सोडावं! दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत मौन, कार्तिकी एकादशीपर्यंत. संकल्पाचं पाणी हातावरून सोडताना त्यांनी देवाला हळूच सांगितलं, "तुले ठाऊकच हाय काहून ते."

काय सांगावं, त्या दुपारी किती सुखाच्या गेल्या! व्रत म्हटल्यावर पदराआडच्या सुयांचं कुणी काही विचारीना. बाया यायच्या, नमस्कार करून पाऊल न वाजवता परत जायच्या. रंगूबाई तेवढी ओठ दाबून बसायची. तिलाच त्या मौनाचा जास्त त्रास. दोन टाके एकत्र, एक सुलटा, धागा पुढं, पुन्हा एक सुलटा... सदऱ्याच्या पाठीवर मोरपंखी पानं उमलायला लागली. भादव्यात पंचफुला माहेरी आली, तोवर पाठ आणि पोट झालं होतं. उरल्या बाह्या, आणि बाह्यांपुरती एक लडी.

कोजागिरीनंतरच्या एका दुपारी मनकर्णाबाई सुपारीपुरत्या आत गेल्या. परत येतात तो ओसरीवर रंगूबाईची बकरी, आणि बकरीच्या तोंडात लोकरीचा गुंडा.

"हड" एवढंही म्हणता येईना! जगदेवराव शेतात. मनकर्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या, पाय आपटले. बकरी अंगणात, तिथून गल्लीत. मनकर्णाबाई मागं. पदर सुटला, अंबाडा सुटला, पायात धागा गुरफटला. टाळ्या चालूच, तोंडातून अक्षर नाही. पारापाशी बकरीनं गोल फेरा घेतला, तसा यांनीही घेतला.

"अवं, धावा व! वयनीच्या अंगात आलं!" रंगूबाई ओरडली.

झालं. बाया हळदकुंकू घेऊन धावल्या. रंगूबाईनं तर मधेच पाय धरले. "माय, माह्यं काही चुकलं असीन तं पदरात घे. अन् माह्या थोरल्याचं लगन यंदा जमते का, तेवढं सांग!"

मनकर्णाबाईंनी कळवळून बकरीकडं बोट दाखवलं.

"बकरी मांगते व माय!" रंगूबाई घाबरली. "घे, तुलेच वाह्यली. पन कापाची नाई हां, दुभती हाय."

बकरी तोवर पारावर चढून शांतपणे रवंथ करत होती. गुंड्यातला हातभर धागा उरला होता, ओला आणि चावलेला.

मनकर्णाबाई कपाळभर कुंकू घेऊन घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. देवानं बरोबर शिक्षा केली, त्यांना वाटलं. त्याच्या नावाचं व्रत आणि आपल्या सोयीसाठी वापरलं. आता बाह्या कशाच्या? अधुऱ्या सदऱ्यासारखा अपशकुन नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि दिवेलागण तर अजून लांब होती.

पंचफुला जड पावलांनी आतून आली. हातात लुगड्याचा तो तुकडा. शेजारी बसून तिनं तो सोडला आणि पांढरं टोपडं आईच्या मांडीवर ठेवलं.

"तुह्यं मौन हाय, तू बोलू नको. मीच बोलतो," ती म्हणाली. "सदऱ्याचं मले आल्यापासून ठाऊक हाय, माय. मौनात लोक देवाचं नाव घेते. तू बोटावर टाके मोजते."

मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

"हे टोपडं बी पाह्यलं होतं. तूनं जपून ठेवलं म्हनून मी काही बोललो नाई. आता उसव ते."

मनकर्णाबाईंनी टोपडं छातीशी धरलं आणि जोरानं मान हलवली.

"पूजेले तू लोकरीची धाबळी काहून नेसते? लोकरीले इटाळ नसते, तूच मले शिकवलं. मंग याले कायचा इटाळ?" पंचफुलानं आईची बोटं एकेक करून सोडवली. "त्याच्या अंगाले नाई लागलं. याच्या तं लागू दे."

टोपड्याच्या काठाशी मनकर्णाबाईंनी शेवटची गाठ शोधली आणि नखानं अलगद सोडली. धागा सुरसुर उलगडायला लागला, जुन्या टाक्यांनी कुरळा झालेला. पंचफुलानं दोन्ही हात पुढं धरले, आणि आई त्या हातांवर लडी गुंडाळत गेली. मधेच लेकीनं "आई ग!" केलं. पोटातून लाथ बसली होती. दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या, एक आवाजानं आणि एक बिनआवाजानं.

कार्तिकी एकादशी झाली, मौन सुटलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी पंचफुलाला मुलगी झाली. अशी रडली, की म्हणे वेशीपर्यंत ऐकू गेलं.

बारशाला पाळण्यात बाळ ठेवलं. अंगात मोरपंखी सदरा, बाह्या पांढऱ्याशुभ्र, डावी उजवीपेक्षा दोन बोटं लांब. बाया वाकून वाकून पाहायला लागल्या. रंगूबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वयनी, आता तं तुमचं मौन नाई. खरं सांगा, हे बारा दिवसांत झालं?"

जगदेवराव आढ्याकडं पाहायला लागले. मनकर्णाबाईंनी पाळण्यातल्या नातीकडं पाहिलं. ती गुबगुबीत मूठ चोखत होती.

"नाई," त्या म्हणाल्या. "आषाढापासून विनून राह्यलो होतो. कोनी इचारू नये म्हनून मौन घेतलं."

"अन् त्या दिवशी पारापाशी?"

"बकरीनं लोकर नेली होती, बाई."

"म्हंजे मी हळदकुंकू घेऊन तुमच्या पायावर पडलो, अन् तुमी बकरीमांगं धावत होत्या?"

"हो."

मग रंगूबाईलाच हसू फुटलं, असं की पाळण्याची दोरी धरून तिला खाली बसावं लागलं. साऱ्या बाया हसल्या. पंचफुला पोट धरून "नका व, दुखते" म्हणत हसली. नातीनं मूठ सोडून डोळे उघडले आणि सगळ्यांकडं टकमक पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई देवाला म्हणाल्या, "या खेपेले तुह्यासाठी," आणि पुन्हा मौन धरून ओसरीवर बसल्या. सवय लागली होती, शिवाय दुसरा पायमोजा राहिलाच होता. थोड्या वेळानं रंगूबाई आली. हातात बांबूच्या दोन घासलेल्या काड्या. तोंडावर बोट ठेवून तिनं खूण केली, की मी पण मौन घेतलंय, आणि शेजारी मांडी घातली. मनकर्णाबाईंनी तिला पांढऱ्या लोकरीचा उरलेला तुकडा दिला आणि टाके घालून दाखवले.

रंगूबाईचं मौन दुसऱ्या ओळीपर्यंत टिकलं.

"वयनी, हा टाका इथं होता, कुठी गेला व?"

मनकर्णाबाई छत्तिसाव्या टाक्यावर होत्या. मोजणी गेली ती गेलीच. हसत हसत त्यांनी सुई काढली आणि पायमोजा उसवायला घेतला.